पितळी स्टोव्ह : इतिहास आणि जीर्णोद्धार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाटकांचा, गणेशोत्सवांचा, व्याख्यानमालांचा आणि वास्तुनिधीचा इतिहास यावा हे योग्यच आहे. तथापि ज्या तालमी रात्री अकरापर्यंत चालत, त्या तालमींचा चहा कशावर उकळत असे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कार्यवाहांच्या अहवालात 'चहापाणी' या नावाखाली एक रक्कम असते आणि तिच्यातच साखर, दूध, रॉकेल व पिना हे सारे विलीन झालेले असते. वास्तविक बृहन्महाराष्ट्रात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला संसार ज्या एका वस्तूभोवती उभा राहिला, ती वस्तू म्हणजे पितळी टाकीचा, तीन पायांचा, हवा भरून पेटवावयाचा स्टोव्ह होय. आज तो बहुतेक घरांत माळ्यावर आहे; काही घरांतून तो मोडीत गेला आहे. तो पुन्हा खाली उतरवून दुरुस्त करावा, उजळावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी, आणि तसे न वाटणाऱ्यांसाठीही, त्याचा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे.

आपण त्याला 'स्टोव्ह' म्हणतो. आपल्या आज्या त्याला 'प्रायमस' म्हणत, मग तो कोणत्याही कारखान्याचा असो. हे मूळचे एका कंपनीचे व्यापारी नाव. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'पहिला'. हा पहिला स्टोव्ह १८९२ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने तयार केला. त्यापूर्वी रॉकेलच्या शेगड्या नव्हत्या असे नाही. वातीच्या शेगड्या होत्या. पण त्या काजळी धरीत, अन्नाला वास लागे, आणि भांड्याचे बूड घासता घासता हात भरून येत. लिंडक्विस्टने वात काढूनच टाकली. त्याच्याच देशातील कार्ल रिचर्ड न्यूबेरी याने १८८२ च्या सुमारास झाळकामासाठी एक दिवा बनविला होता, ज्यात इंधनाची आधी वाफ होते आणि मग ती वाफ जोराने बाहेर पडून जळते. हेच तत्त्व लिंडक्विस्टने उभे करून चुलीखाली ठेवले, असे म्हटले तरी चालेल. योहान व्हिक्टर स्वेन्सन या भागीदाराबरोबर त्याने कारखाना काढला आणि जगभरच्या विक्रीचे काम बी. ए. यूर्ट यांच्या पेढीकडे गेले.

या पेढीविषयी एक गंमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ज्या १८९२ साली प्रायमस जन्मला, त्याच साली योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने आज आपण ज्याला 'स्क्रू-पाना' म्हणतो त्या कमी-जास्त होणाऱ्या पान्याचा एकस्व अधिकार घेतला, आणि तो पानाही याच यूर्ट पेढीने जगभर विकला. स्टोव्ह आणि तो उघडावयाचे हत्यार, दोन्ही एकाच दुकानातून निघाली. स्टॉकहोममधील लिला एसिंगेन या बेटावर पुढे प्रायमसचा मोठा कारखाना उभा राहिला. तेथील एका रस्त्याला आजही प्रायमसचेच नाव आहे.

आता या यंत्राची रचना पाहू; कारण ती समजल्यावाचून दुरुस्तीला हात घालणे धोक्याचे आहे. खाली पितळी टाकी, तिच्यात सुमारे एक लिटर रॉकेल मावते. टाकीच्या बाजूला पंप आणि रॉकेल ओतावयाचे तोंड. या तोंडाच्या झाकणालाच हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असतो. टाकीच्या मधून एक नळी वर जाते आणि तिच्या डोक्यावर बर्नर बसतो. बर्नरच्या आतील नागमोडी वाटेतून रॉकेल जाते, तापते, त्याची वाफ होते आणि मधल्या 'निपल'च्या केसाएवढ्या छिद्रातून ती वेगाने वर उसळते. वाटेत ती भोवतालची हवा ओढून घेते आणि वरच्या टोपीवर आपटून निळ्या ज्योतीने जळते. एकदा जळू लागली की तीच ज्योत बर्नरला तापवीत राहते आणि नवे रॉकेल वाफ होऊन येत राहते. म्हणजे हा अग्नी स्वतःचे इंधन स्वतःच शिजवून घेतो. फक्त आरंभी बर्नर थंड असतो म्हणून त्याच्या भोवतीच्या वाटीत थोडे स्पिरिट जाळावे लागते. स्पिरिटची चैन ज्यांना परवडत नसे ते तारेला चिंधी गुंडाळून केलेला काकडा रॉकेलमध्ये बुडवून पेटवीत आणि तो बर्नरला अडकवीत. मग हवेचा स्क्रू आवळायचा, पंप मारायचा, आणि तो ओळखीचा घरघराट सुरू व्हायचा.

या घरघराटाने पृथ्वीच्या दोन्ही टोकांची शांतता मोडली आहे. नॉर्वेचे फ्रित्योफ नान्सेन १८९५ साली उत्तर ध्रुवाकडे निघाले तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर प्रायमस होता. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले त्यांच्याही सामानात तो होता. बर्फ वितळविल्यावाचून जेथे प्यायला पाणी नाही, तेथे कमी इंधनात जास्त आच देणारी शेगडी हीच जीवनदायिनी. एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी यांचे बूट गोठून दगडासारखे झाले होते. ते त्यांनी स्टोव्हच्या आचेवर मऊ केले, पायात घातले, आणि मग ते व तेनसिंग शिखराकडे निघाले. मॉस्कोत क्रांतीनंतरच्या काळात एका स्वयंपाकघरात चार-पाच बिऱ्हाडे राहत आणि प्रत्येकाचा प्रायमस वेगळा असे. मिखाइल बुल्गाकोव यांच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा' या कादंबरीतला तो अचाट बोका प्रायमस दुरुस्त करीत बसलेला दाखविला आहे, तो उगाच नव्हे. आपल्या चाळींतल्या लोकांना ते चित्र परके वाटू नये.

आपल्याकडे रॉकेल स्टोव्हच्या आधी आले, ते दिव्यांसाठी. 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑइल'चा आणि 'घासलेट' हा 'गॅस लाइट'चा अपभ्रंश असे सांगतात. रॉकेलच्या रिकाम्या चौकोनी डब्यांनी मराठी घराची जी सेवा केली तिच्यावर स्वतंत्र लेख होईल. पाणी तापविणे, धान्य साठविणे, तुळस लावणे आणि शिमग्यात वाजविणे, सारे त्यात आले. दिव्यांच्या काचा व कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीहून येत; 'प्रभाकर' कंदील घराघरांत लटकत असे. म्हणजे रॉकेलची घराला सवय होती. फक्त ते माजघरातून स्वयंपाकघरात जायचे होते.

ही पायरी सोपी नव्हती. स्वयंपाकघरात चूल होती, तिच्या शेजारी वैल होता, आणि चुलीला सारवण, रांगोळी व हळदकुंकू लागे. चुलीतला अग्नी हा देव होता; स्टोव्हमधला अग्नी विलायती होता आणि त्याला वासही येई. म्हणून पुष्कळ घरांत एक तडजोड झाली, जी पुढे दोन पिढ्या टिकली. नैवेद्य आणि सोवळ्यातला स्वयंपाक चुलीवर. चहा, तान्ह्या मुलाचे दूध, आजाऱ्याची पेज आणि अवेळी आलेल्या पाहुण्यांचे पोहे स्टोव्हवर. चहा आणि स्टोव्ह हे दोघेही नवे. दोघांनाही सोवळे-ओवळे नव्हते. त्यामुळे दोघांची जोडी जमली. मराठी मध्यमवर्गात चहा इतका रुजला त्याचे थोडे श्रेय या यंत्राला द्यावे असे मला वाटते. कारण चुलीवर चहा करावयाचा म्हणजे लाकडे पेटेपर्यंत पाहुणा उठून जावयाचा.

घर सोडून दूर गेलेल्यांच्या बाबतीत ही तडजोडसुद्धा उरली नाही. जबलपूरचे तोफगाड्यांचे कारखाने, जमशेदपूरच्या पोलादाच्या भट्ट्या, रेल्वेच्या वसाहती, दिल्लीच्या सरकारी कचेऱ्या येथे जो मराठी तरुण रुजू झाला त्याच्या वाट्याला बहुधा एक भाड्याची खोली आली. तिच्यात चूल घालावयाला घरमालकाची परवानगी नसे, धुरासाठी धुराडे नसे, आणि लाकडांची वखार कोठे आहे हे माहीत नसे. अशा वेळी ट्रंकेतून निघालेला स्टोव्ह खिडकीखाली मांडला की बिऱ्हाड झाले. बदलीचा हुकूम आला की तो रॉकेल काढून, गोणपाटात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत. चूल नेता येत नाही. स्टोव्ह नेता येतो. परप्रांतात वरणभाताचा वास टिकून राहिला याचे हे एक अगदी साधे, यांत्रिक कारण आहे.

परंतु या वस्तूचे केवळ गुणगान करून थांबणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. स्टोव्हने जेवढे संसार उभे केले तेवढेच त्याच्याभोवती भयही वावरत होते. बर्नर पुरेसा तापला नाही आणि पंप मारला, तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल कारंज्यासारखे उडते आणि पिवळी ज्वाळा हातभर उंच जाते. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, निपलची घाण काढताना समोर वाकणे, पदर मोकळा सोडून जमिनीवरच्या स्टोव्हजवळ बसणे हे सारे धोक्याचे होते आणि हे सारे रोज घडत होते, कारण ओटा नव्हता, जागा नव्हती आणि वेळ नव्हता. त्यात नायलॉनच्या साड्या आल्या. सुती पदर जळतो, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. त्यात भेसळ आली. शुद्ध रॉकेल साध्या हवेत काडी लावली तरी चटकन पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र गोठणबिंदूच्या खालीही पेट घेते. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले गेले की हा शहाणा स्टोव्ह वेडा होतो.

आणि यापलीकडची एक गोष्ट आहे, जी सुवर्णमहोत्सवी अंकातही लिहिली पाहिजे. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही चार ओळींची बातमी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कितीदा तरी वाचली असेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत आणि मग महाराष्ट्रात व अन्यत्र महिला संघटनांनी रस्त्यावर येऊन एक साधा प्रश्न विचारला : स्टोव्ह भडकतो तो सुनेच्याच अंगावर का? सासूच्या, नणंदेच्या अंगावर का नाही? जो तंत्र जाणतो त्याला दुसराही प्रश्न पडावा. टाकी खरोखरीच फुटली असेल तर पितळ उकलते, सांधा उसवतो. नुसता भडका उडाला असेल तर बर्नर आणि वाटी काळवंडते. पंचनाम्यात स्टोव्ह शाबूत, त्याची टाकी कोरडी किंवा थंड, आणि रॉकेलचा वास मात्र केसांना, असे असेल तर दोष यंत्राच्या माथी मारणे हा खोटेपणा ठरतो. यातूनच कायदा बदलला. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले, विवाहितेच्या छळाला गुन्हा ठरविणारे. १९८६ साली ३०४-ब आले, हुंडाबळीची व्याख्या करणारे, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आतील अशा मृत्यूत आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले तर पती व सासरच्यांवर संशयाचे गृहीतक बसविणारी तरतूद पुराव्याच्या कायद्यात झाली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता लागू झाली. ही कलमे नव्या क्रमांकांनी तिच्यात आली आहेत. माळ्यावरच्या त्या चकचकीत पितळेकडे पाहताना काही घरांतल्या स्त्रिया मान फिरवितात. त्यांना त्याची दुरुस्ती नको असते. त्यांचे तसे वाटणे आदराने ऐकून घ्यावे.

स्टोव्हची सद्दी संपविली ती गॅसने, पण एका रात्रीत नव्हे. बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत नळकांड्यांतून गॅस विकण्यास आरंभ केला. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात 'इंडेन'चा प्रारंभ झाला. पुढची पंचवीस-तीस वर्षे गॅसची जोडणी म्हणजे प्रतीक्षायादी, शिफारस आणि नशीब. तोवर रॉकेल शिधापत्रिकेवर, निळ्या रंगाचे. तो निळा रंग भेसळ ओळखता यावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने 'नूतन' हा अनेक वातींचा स्टोव्ह काढला. तो हवा न भरता पेटे, घरघरत नसे आणि भडका उडण्याचे भय त्यात फार कमी होते. म्हणजे ज्या वातीला लिंडक्विस्टने हाकलले होते तीच सुधारून परत आली. गॅस असलेल्या घरांतही स्टोव्ह मात्र सुटला नाही. सिलिंडर संपून दुसरा येईपर्यंतचे ते आठ-पंधरा दिवस त्याचेच असत. २०१४ मध्ये दिल्ली रॉकेलमुक्त जाहीर झाली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्यातून १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. मूळ प्रायमस कंपनीही तोवर हात बदलून गेली होती. १९६२ साली तिचा हा व्यवसाय 'ऑप्टिमस' या दुसऱ्या स्वीडिश कारखान्याने घेतला.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. स्टोव्ह खाली काढल्यावर प्रथम तो घासू नये, वाचावा. टाकीवर कारखान्याचे नाव आणि खुणा ठोकलेल्या असतात. अस्सल स्वीडिश प्रायमसवर १९११ पासून वर्ष दाखविणारे अक्षर असे. 'ए' म्हणजे १९११, आणि तेथून पुढे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली तेव्हापासूनचे स्टोव्ह बहुतेक देशी आहेत. त्यांपैकी काहींवर भारतीय मानक संस्थेचा १३४२ हा क्रमांक दिसेल. काही टाक्यांवर नावे कोरलेली असतात : लग्नात रुखवतात दिलेल्या स्टोव्हवर मुलीच्या माहेरचे नाव आणि तिथी. घासण्याच्या भरात ही अक्षरे पुसट होतात. म्हणून आधी कागद ठेवून पेन्सिलीने त्यांचा ठसा घ्यावा.

मग हवेचा स्क्रू सैल करून टाकीतले जुने रॉकेल काढावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रॉकेल डिंकासारखे घट्ट झालेले असते. ताजे रॉकेल थोडे घालून, हलवून, दोन-तीनदा ओतून टाकले की टाकी बरीच मोकळी होते. त्यानंतर सारे सुटे भाग काढावेत. पितळ मऊ असते, म्हणून बळ लावू नये. बर्नर नळीला चिकटून बसला असेल तर सांध्यावर तेल सोडून एक रात्र ठेवावे, आणि स्क्रू-पान्याने फिरविताना दुसऱ्या हाताने नळी धरावी. नाही तर बर्नर सुटत नाही, नळीच टाकीतून उसवते.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असते, तिला आपण 'वायसर' म्हणत आलो. स्टोव्ह हवा धरत नाही अशी तक्रार असली की दहांतून आठ वेळा दोष या वायसरचा असतो. चामडे फाटलेले नसून नुसते वाळलेले असेल तर ते खोबरेल तेलात रात्रभर भिजवावे, बोटांनी त्याची कड बाहेर फुलवावी आणि परत बसवावे. पंपाच्या तळाशी एक लहानशी झडप असते. हवा आत जाऊ द्यावयाची पण रॉकेल बाहेर येऊ द्यावयाचे नाही हे तिचे काम. तिच्यातील बुचाचा किंवा रबराचा कण झिजला की पंपाचा दांडा आपोआप वर येऊ लागतो आणि त्याच्यातून रॉकेल पाझरते. हा कण बदलावाच. बर्नर आणि नळी यांच्यामधली शिशाची चकतीही नवी घालावी. ती एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

बर्नरमध्ये कोळसा साचलेला असतो. तो काढण्याची जुन्या दुरुस्तीवाल्यांची रीत अशी की बर्नर वेगळा काढून मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात सोडायचा. आतला कोळसा तडकून सुटतो. हे काम मोकळ्यावर आणि जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. जुना बर्नर सांध्यात कमकुवत झाला असेल तर तो याच वेळी उघडा पडतो, आणि ते बरेच. निपल शेवटी. त्याचे छिद्र पिनेने साफ करावयाचे, पण हलक्या हाताने. वर्षानुवर्षे पिना खुपसून ते छिद्र रुंद झालेले असते आणि मग ज्योत निळी न राहता पिवळी, काजळी धरणारी होते. अशा निपलला औषध नाही. तो बदलावा. मोठ्या शहरांतल्या जुन्या भांडीबाजारात निपल, वायसर आणि पिनांची पाकिटे अजून मिळतात.

पितळ उजळण्याला चिंच आणि राख यांहून चांगले काही अजून निघालेले नाही, असे माझे मत आहे. लिंबू-मीठही चालते, पितांबरीही चालते; मात्र लोखंडी तारेचा चोथा टाकीला लावू नये. त्याने पितळ चमकते खरे, पण प्रत्येक चमकेबरोबर पत्रा पातळ होतो, आणि हा पत्रा हवेचा दाब सोसणारा आहे. पायांना आणि वरच्या लोखंडी कड्याला गंज असतो. तो कानशीने किंवा काचकागदाने उतरवून त्यांना उष्णता सोसणारा काळा रंग द्यावा. साधा रंग पहिल्याच आचेत फुगून पोपडे धरतो आणि घरभर त्याचा वास सुटतो.

टाकीला मात्र रंग देऊ नये. हल्ली जुन्या वस्तूंना सोनेरी किंवा तांबडा मुलामा देऊन दिवाणखान्यात मांडण्याची आवड वाढली आहे. शोभेसाठी ठेवावयाचा असला तरीसुद्धा रंगाखाली टाकीची भेग झाकली जाते, आणि पुढे कोणी नातू उत्साहाने तो पेटवावयाला गेला तर ती भेग त्याला दिसणार नाही. भेग असेल तर ती झाळून घेऊन तो स्टोव्ह पुन्हा वापरात आणण्याच्या फंदात पडू नये. तो पाहण्यापुरताच ठेवावा, आणि निपल काढून ठेवावा, म्हणजे पेटवण्याचा मोहच उरणार नाही. टाकी निर्दोष वाटली तर पाण्याची परीक्षा घ्यावी : रिकाम्या टाकीत थोडी हवा भरावी, सांध्यांवर साबणाचा फेस लावावा आणि पाच मिनिटे पाहावे. जेथे बुडबुडा येईल तेथे फट आहे. बुडबुडा आला नाही तरच पुढे जावे.

पेटवावयाचाच असेल तर अंगणात, सपाट फरशीवर, सुती कपडे घालून, जवळ वाळूची बादली ठेवून पेटवावा. टाकी पाऊण भरावी, वरची पाव जागा हवेला हवी. हवेचा स्क्रू उघडा ठेवून वाटीतले स्पिरिट पूर्ण जळू द्यावे. घाई करणाऱ्याला हा स्टोव्ह क्षमा करीत नाही. ज्योत विझत आली की स्क्रू आवळावा आणि पंपाचे दोन-तीन हलके हात मारावेत. पिवळी ज्वाळा उठली तर पंप थांबवून स्क्रू सैल करावा आणि मागे सरावे. निळी ज्योत स्थिर झाली की मग हवा वाढवावी. लिटरभर पाणी पाचएक मिनिटांत उकळते.

मंडळाच्या घरांतून असे किती स्टोव्ह शिल्लक आहेत याची गणना करावी अशी एक सूचना मी येथे करतो. वस्तू मागू नयेत. फक्त माहिती मागावी. स्टोव्ह कोणाचा, कोणत्या गावाहून आला, किती बदल्या हिंडला, त्यावर कोणते नाव कोरले आहे, आणि त्याच्यावर शेवटचा स्वयंपाक कधी झाला. ज्या घरात त्याची आठवण दुःखाची आहे त्या घराला हा प्रश्न विचारू नये. माहिती हाताने लिहून, टाकीच्या ठशाच्या कागदासह, मंडळाच्या ग्रंथालयात एका वहीत लावावी. ठसा घेताना पातळ कागद आणि मऊ पेन्सिल वापरावी, आणि तो टाकी उजळण्याच्या आधी घ्यावा.